शेपटीतल्या इंजिनाचं दुखणं

विमानाचं चित्र काढायला सांगितलं की पोरं आधी दोन पंख काढतात, मग नाक, मग खिडक्यांची रांग. शेपटीच्या अगदी टोकाला एक गोल भोक असतं, ते कुणीही काढत नाही. त्या भोकाच्या आत बसून मी एकोणीस वर्षं नोकरी केली. आता पांढरकवड्याला हायवेच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, एका लोखंडी स्टँडवर उभा आहे आणि तिथूनच हे सांगतोय.

कागदावर माझं नाव ऑक्झिलरी पॉवर युनिट. एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ नसतो, म्हणून सगळे एपीयू म्हणतात. मी जातीचं जेट इंजिनच आहे, फक्त अंगाने लहान, आणि विमान उडवणं हे माझं काम नाही. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा पंखांखालची दोन मोठी इंजिनं झोपलेली असतात. अशा वेळी आत दिवे कोण लावतं, गार हवा कोण सोडतं? आणि त्या दोन मोठ्या साहेबांना उठवायला हवेचा जोर कोण पुरवतं? मी. साहेब एकदा जागे झाले की बहुतेक वेळा मला बंद करून टाकतात. लग्नात पंगत उठेपर्यंत आचारी कुठे बसलाय हे जसं कुणी विचारत नाही, तसंच माझं होतं. मला त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर थोडं वाटत असे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. चष्मा लावलेल्या एका बाईने माझ्या नळ्या जोडल्या आणि जोडताना ती गुणगुणत होती. तिचं झाल्यावर दुसऱ्या एका माणसाने येऊन प्रत्येक जोड पुन्हा तपासला. मग कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे. एकाने काम करायचं, दुसऱ्याने ते तपासायचं, आणि दोन सह्या झाल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही. पुढे माझ्या आयुष्यात काय काय झालं ते कळायला ही रीत लक्षात ठेवा.

नोकरीचे दिवस मजेत गेले. शेपटीत बसून मला प्रवासी दिसत नसत, पण त्यांची चाहूल लागायची. माणूस विमानात शिरला की पहिल्यांदा काय करतो? हात वर करून हवेची ती छोटी चकती फिरवतो. जितकं तिकीट महाग, तितकी चकती जोरात फिरवतो. पाच मिनिटांनी त्यालाच थंडी वाजते आणि तो पांघरूण मागतो. ही हवा माझ्याकडून येते हे त्याच्या गावीही नसतं.

पंधराव्या वर्षी मला दुखायला लागलं.

माझ्या पोटाजवळून तेलाची एक नळी जाते. ती हलू नये म्हणून तिला एक पोलादी पट्टा आवळलेला असतो आणि पट्ट्याच्या आत रबराची मऊ गादी असते. त्या पट्ट्याखाली नळीला केसाएवढी चीर गेली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, कारण चिरेतून येणारं तेल आधी गादी पिऊन टाकायची. गादीचं पोट भरलं की एखादा थेंब निसटायचा, माझ्या हवेच्या तोंडात जायचा, आणि विमानात ओल्या मोज्यांचा वास सुटायचा.

मग काय, सगळे प्रवासी एकमेकांच्या पायांकडे बघायचे. एक गृहस्थ तर उगाचच स्वतःचे बूट घट्ट बांधायला लागले होते म्हणे. हे मी हँगरमध्ये, म्हणजे विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये ऐकलं. तिथे इंजिनिअर लोकांनी मला चार वेळा उघडलं. आतले सील बदलले, जोड आवळले, फिल्टर नवे घातले. पट्टा मात्र कुणीच काढला नाही. पट्टा कोरडा दिसत होता आणि कोरड्या जागेवर कोण वेळ घालवणार? मला ओरडून सांगावंसं वाटे की इथे बघा, इथे. पण माझ्या ओरडण्याला माणसं गडगडाट म्हणतात.

शेवटी त्यांनी मला कायमचं उतरवलं आणि माझ्या गळ्यात एक पिवळं कार्ड बांधलं. त्यावर लिहिलं होतं, ‘वासाचं कारण सापडलं नाही.’ खाली दोन सह्या होत्या. मी वर्षभर हैदराबादच्या त्या हँगरच्या कोपऱ्यात ते कार्ड मिरवत पडून राहिलो.

तिथेच गझाला काम करायची. मूळची पांढरकवड्याची, ट्रक मिस्त्री रहेमान यांची मुलगी. सहा वर्षं विमानांखाली झोपून काम केल्यावर तिने गावी परत जाऊन शिकवायचं ठरवलं. हायवेच्या कडेला एक तांत्रिक शाळा नवी निघाली होती, तिथे विमानदुरुस्तीचा वर्ग सुरू होणार होता. जाताना तिने हँगरच्या साहेबांकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे मी. ‘पोरांना पुस्तकातलं चित्र किती दिवस दाखवू,’ असं ती म्हणाली. साहेबांना कोपरा रिकामा हवाच होता.

भावसिंग नावाच्या ड्रायव्हरच्या ट्रकमधून मी निघालो. पाटणबोरी ओलांडली आणि मागच्या चाकाकडून खाडकन आवाज आला. ट्रक एका बाजूला कलला. भावसिंगने कसाबसा तो पांढरकवड्यापर्यंत आणला आणि थेट रहेमान मिस्त्रींच्या गॅरेजसमोर उभा केला. शाळा रस्त्याच्या पलीकडेच होती, पण मला तिथे पोचायला दोन तास लागले. ते दोन तास माझ्या आयुष्यातले फार मोलाचे निघाले.

रहेमान मिस्त्री साठीच्या पुढचे, पांढऱ्या दाढीचे, कानाला पेन्सिल लावलेले. ट्रकचं वजन पेलणारे पोलादी पाटे बघायला ते ट्रकखाली वाकले. भावसिंग म्हणाला, “रहेमानभाई, म्या सकाळीच सगळे पाटे पाह्यले. टॉर्च लावून पाह्यले. एकही तुटेल नोयता.”

“पाटा कोठी तुटते, सांग बरं,” मिस्त्रींनी विचारलं.

“कोठी म्हंजे? कोठीही तुटू शकते.”

“नाई ना बावा. पाटा तुटते यू-बोल्टखाली. जिथी आवळला, तिथीच. बाहेरून तू दिवसभर टॉर्च मार, तो तुले दिसत नाई. पहिले यू-बोल्ट काढा लागते.”

त्यांनी पाटे आवळून धरणारा, इंग्रजी यू अक्षरासारखा तो बोल्ट सोडवला. खाली पाट्याला आडवी भेग होती, आणि तिच्या कडा गंजलेल्या होत्या. म्हणजे भेग आजची नव्हती, कित्येक दिवसांची होती. ट्रकच्या हौद्यात दोराने बांधलेला मी हे सगळं ऐकत होतो. माझ्या नळीची जागा तेव्हा अशी ठणकली की विचारू नका. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं दुखणं ओळखू शकेल असा माणूस भेटला होता, आणि तो दुसऱ्याच कुणाचं दुखणं बघत होता.

शाळेत माझं स्वागत जोरात झालं. शाळेचे प्रमुख भगवानराव सर हौशी माणूस. त्यांना फीत कापायला आणि फोटो काढायला मनापासून आवडतं. माझ्या उद्घाटनाला त्यांनी मला चंदेरी रंग द्यायचं काढलं. गझाला ब्रश आणि माझ्या मधे उभी राहिली.

“सर, वरच्या पत्र्याला द्या. नळ्यांना ब्रश लागता कामा नये.”

“अवो मॅडम, नळ्या काळ्याच दिसतील मग फोटोत.”

“दिसू द्या. काळ्याच असतात त्या.”

अशा रीतीने मी वरून नवरदेव आणि खालून मेकॅनिक असा उभा राहिलो. वर्गात वीस मुलं-मुली होती. त्यांच्यात वैष्णवी सगळ्यांत पुढे, प्रश्न विचारून मॅडमला दमवणारी. वर्कशॉप झाडायला मानीबाई यायच्या. त्या झरी जामणीकडच्या, बोलायला फटकळ आणि मनाने फार मऊ. मला झोप लागली आहे असंच त्या धरून चालत आणि माझ्याभोवती झाडू हळू मारत. त्यांचा डबाही माझ्याच स्टँडवर असायचा. एकोणीस वर्षं मी विमानभर लोकांना गार हवा दिली, पण माझ्याजवळ बसून कुणी भाकर खाल्ली नव्हती.

दोन वर्षं अशी गेली. मग एका वर्षी, भादव्यात, गझाला वर्गात कागदांचा एक गठ्ठा घेऊन आली.

“हे वाचा,” ती म्हणाली. “हा विमानाच्या सुरक्षिततेचा नियम आहे. अजून झाला नाही, करायचं चाललंय. आपल्या या एपीयूच्या जातीसाठीच आहे.”

मी कान टवकारले. मला कान नाहीत, पण समजून घ्या.

झालं होतं असं की माझ्यासारख्याच चारशे एपीयूंपैकी बऱ्याच जणांबद्दल तेलाच्या वासाच्या तक्रारी गेल्या होत्या. एका ठिकाणी तर धूर झाला होता आणि लोकांना घाईने उतरवावं लागलं होतं. म्हणून विमानांचे नियम करणाऱ्या खात्याने एक प्रस्ताव काढला. तेलाच्या नळीचे दोन्हीकडचे जोड टॉर्च आणि आरसा लावून तपासायचे, ओल दिसली तर नळी बदलायची, कोरडं असेल तर पुढचे पाचशे तास खुशाल चालवायचं. आणि खाली लिहिलं होतं की पंचेचाळीस दिवसांत कोणीही आपलं मत कळवावं.

“कोणीही म्हणजे कोण?” वैष्णवीने विचारलं.

“कोणीही म्हणजे कोणीही. तू, मी, मानीबाई.”

“मले कायले मधात घेता,” मानीबाई झाडू थांबवून म्हणाल्या.

गझालाने मग सगळ्या वर्गाला घेऊन ती तपासणी माझ्यावरच करून बघितली. टॉर्च, आरसा, दोन्ही जोड. तिची बोटं पट्ट्यापासून दोन बोटांवर आली आणि मागे फिरली. दोन्ही जोड कोरडे होते, कारण ते कधीच दुखत नव्हते. तिने वहीत लिहिलं, ‘दोष नाही.’ वैष्णवीने तपासून सही केली. माझ्या गळ्यातल्या पिवळ्या कार्डाची तेव्हा कुणालाच आठवण झाली नाही. मग गझालाने खात्याला पत्र लिहिलं की आम्ही ही पद्धत प्रत्यक्ष करून पाहिली, ती सोपी आहे आणि पुरेशी आहे.

‘पुरेशी’ हा शब्द तिने मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझी चारशे भावंडं आभाळात होती. त्यांच्या कुणाकुणाच्या पट्ट्याखाली चीर होती कोण जाणे. त्यांना आता ‘कोरडं आहे, चालू द्या’ असं सांगणारा नियम होणार होता, आणि त्याला माझ्याच शाळेतून, माझ्याच अंगावर हात ठेवून, पाठिंबा गेला होता. भगवानराव सरांनी तर त्या पत्राची प्रत फ्रेम करून दाराशी लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती बोटाने दाखवत.

दिवस जात राहिले. चव्वेचाळिसावा दिवस खंडेनवमीचा निघाला.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये अवजारांची पूजा असते. पाने, पकडी, हातोडे, लेथ, ड्रिल, सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचे हार घालायचे. पूजेला मांडलेल्या अवजाराला मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. पूजा मानीबाई करतात आणि त्यांचं स्वतःचं एक मत आहे. भगवानराव सर लेथला मोठा मान देतात, पण मानीबाईंच्या मते वर्कशॉपचा थोरला मीच. इतरांना चिमूटभर कुंकू. मला त्यांनी मूठभर वाहिलं. ते चंदेरी पत्र्यावरून घसरून खाली नळ्यांवर सांडलं.

“अवो बाई, किती हे,” भगवानराव सर म्हणाले. “पुसा ते. फोटोत कसं दिसन?”

“पूजेचं कुंकू आज पुसत नसते,” मानीबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

पत्रे तापले होते. ऑक्टोबरच्या त्या उन्हात माझ्या गादीतलं चार-पाच वर्षांचं जुनं तेल पातळ झालं आणि पट्ट्याच्या कडेने हळूच बाहेर आलं. एरवी ते कुणाला दिसलं नसतं. आज तिथे कोरडं कुंकू होतं. कुंकवाने तेल धरलं आणि पट्ट्याच्या कडेला एक बारीक, गडद लाल रेघ उमटली.

दुपारी रहेमान मिस्त्री प्रसादाला आले. दरवर्षी येतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, दोन्ही हात पाठीमागे, म्हणजे चुकून कशाला लागायला नको. पेढा तोंडात टाकला आणि माझ्यासमोर आले. आणि त्यांचं चघळणं थांबलं.

“गझाला. इकडे ये, बेटा.”

“काय झालं, अब्बा?”

“हे कुंकू पाह्य. सगळीकडे कोरडं हाय. इथीच काहून ओलं?”

गझाला वाकली. तिने त्या लाल रेघेशी डोळे नेले. भगवानराव सरांनी मधे डोकं घातलं आणि म्हणाले, दिव्याचं तेल उडालं असेल.

“दिवा त्या टोकाले हाय, सर,” मिस्त्री म्हणाले. “तेल उडून इतकं सरळ बसत नसते. हा पट्टा काढून पाह्यला का कोणी?”

“नियमात पट्टा काढायचा नाही आहे,” गझाला म्हणाली. बोलता बोलताच तिचा आवाज बारीक झाला.

“पाट्याची भेग यू-बोल्टखाली राह्यते. तू लहानपणी किती वेळा पाह्यलं.”

तिने पाहिलं होतं. गॅरेजमध्ये खेळत ती मोठी झाली होती. पण विमानाची कागदपत्रं इतकी जाड, इतकी छापील, की ट्रकच्या पाट्याची गोष्ट तिथे लागू पडेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिचा हात पान्याकडे गेला. पाना हळदकुंकू लावून, हार घालून पूजेत बसला होता.

मानीबाई आडव्या आल्या. “उद्या सकाळी. म्या उचलल्यावर.”

“मानीबाई, उद्या शेवटचा दिवस आहे.”

“मंग उद्याच उचलतो ना. दिवस उगवल्याबरोबर येतो. तू ये.”

गझालाने बापाकडे बघितलं. मिस्त्रींच्या गॅरेजातल्या पान्यांनाही सकाळीच ड्रायव्हर लोकांनी हार घातले होते. त्यांनी खांदे उडवले. “माह्याकडचेही बसले हाय बेटा पूजेत. इतके दिवस गेले, एक रात जाऊ दे.”

दसऱ्याला सूर्य पुरता वर यायच्या आत सगळे हजर होते. वैष्णवी मोबाइल घेऊन, भगवानराव सर झोपमोडीने थोडे रुसलेले, मिस्त्री कालच्याच पांढऱ्या शर्टात. मानीबाईंनी अक्षता टाकल्या, पाना उचलला आणि गझालाच्या हातात दिला. “घे. कर आता काय करतं ते.”

पट्टा सुटला. गादी बाहेर आली ती तेलात भिजून काळी झालेली. गझालाने नळी कोरडी पुसली. नळी कोरडी दिसली, नितळ, चकचकीत. भगवानराव सरांनी सुटकेचा श्वास टाकला.

“थांबा,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी नळीला रॉकेलचा बोळा फिरवला, पाच मिनिटं थांबले, पुन्हा स्वच्छ पुसलं. मग फळ्याचा खडू चुरून त्याची भुकटी नळीवर चोळली. नळी पांढरी झाली. सगळे बघत राहिले. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर आलं आणि पांढऱ्या भुकटीवर एक ओली, वाकडी रेघ उठली. पट्टा असायचा बरोबर तिथे.

मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. चार वेळा मला उघडणाऱ्या मोठमोठ्या लोकांना जे दिसलं नाही, ते खडूच्या तुकड्याने दाखवलं. मी जर चालू असतो तर त्या सकाळी सगळं पांढरकवडा दणाणून सोडलं असतं.

गझाला मात्र हसली नाही. ती दाराशी जाऊन त्या फ्रेमसमोर उभी राहिली.

भगवानराव सर तिच्यामागे गेले. “मॅडम, मी काय म्हणतो, आपणच लिहिलं पुरेसं आहे. आता आपणच म्हणायचं पुरेसं नाही? शाळेचं नाव आहे त्याच्यावर. नाही लिहिलं तर कुणाले कळते?”

“कुणालाच कळणार नाही, सर,” गझाला म्हणाली. “याच्यासारखे चारशे आहेत. त्यांच्यात लोक बसतात. पहिलं पत्र माझ्या सहीनं गेलं, दुसरंही माझ्याच सहीनं जाईल. त्यात मी आधी माझी चूक लिहीन.”

भगवानराव सर त्या फ्रेमकडे वळले. माणूस हौशी आहे, पण वाईट नाही. त्यांनी स्टूल आणलं, वर चढले आणि फ्रेम स्वतःच्या हाताने उतरवली. “आपल्या शाळेच्याच कागदावर लिहा,” ते म्हणाले.

पत्राची पहिली ओळ अशी होती. ‘माझं आधीचं मत चुकीचं होतं, ते मी मागे घेते.’ पुढे पट्टा, गादी, चीर, रॉकेल, खडू, सगळं जसं घडलं तसं. वैष्णवीने काढलेले अकरा फोटो जोडले. शेवटी विनंती होती, ‘पट्टा काढून तपासावं.’ गझालाने खाली सही केली आणि तिच्या शेजारी रिकाम्या रेघेवर बोट ठेवून कागद बापासमोर धरला.

“हे काय?” मिस्त्रींनी विचारलं.

“तपासणाऱ्याची सही, अब्बा.”

“माही? मी तं ट्रकचा मिस्त्री. माह्या सहीले कोण पुसते तिकडे?”

“तपासलं कोणी?”

मिस्त्रींनी कागद हातात घेतला. चाळीस वर्षं त्यांनी हजारो ट्रक रस्त्यावर सोडले, आणि प्रत्येकाला एवढंच सांगितलं की जा, काही होत नाही. कामाच्या कागदावर सही त्यांनी आजवर केली नव्हती. त्यांनी हात पांढऱ्या शर्टालाच पुसले, त्याला तेल आणि खडू लागला तरी लक्ष दिलं नाही, आणि एकेक अक्षर जपून सही केली. मग कानाची पेन्सिल काढून पुन्हा कानाला लावली. त्यांना काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

पत्र त्या दुपारी गेलं. मानीबाईंनी सगळ्यांना आपट्याची पानं दिली आणि एक पान माझ्या उघड्या नळीजवळ ठेवलं.

त्यानंतर फक्त वाट बघणं होतं. हायवेवरून कापसाच्या गाड्या जाऊ लागल्या, मग तुरीच्या, मग त्याही संपल्या. मिस्त्री रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून येत आणि काहीच न विचारता परत जात. होळीच्या नंतर एक दिवस गझाला वर्गातून उठून बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून पलीकडे हाका मारायला लागली.

नियम पक्का होऊन आला होता. त्यात प्रत्येक आलेल्या मताला उत्तर होतं. गझालाने बापाला तो भाग मराठी करून सांगितला. ‘एका शिक्षिकेने आपलं आधीचं मत मागे घेऊन दाखवून दिलं आहे की चीर पट्ट्याखाली असते. खात्याला हे मान्य आहे. पट्टा काढून तपासणी करावी, असा बदल नियमात केला आहे.’

“माहं नाव हाय का त्याच्यात?” मिस्त्रींनी विचारलं.

“नाही, अब्बा. कुणाचंच नाव नसतं.”

“मंग बरं हाय,” ते म्हणाले, आणि खुर्चीवर टेकून त्यांनी दोनदा डोळे पुसले.

जूनमध्ये हैदराबादच्या हँगरमधून तिच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. नव्या नियमाप्रमाणे त्यांनी नऊ एपीयूंचे पट्टे काढले होते. तिघांच्या नळीला चीर निघाली. तिन्ही नळ्या बदलल्या आणि तिघं पुन्हा कामाला लागले. माझी तीन भावंडं. मी त्यांना कधी भेटलो नाही आणि भेटणारही नाही. पण त्या दिवशी मानीबाईंनी माझ्यावर डबा ठेवला तेव्हा तो मला अजिबात जड लागला नाही.

आता माझं असं चाललं आहे. चंदेरी रंग थोडा उडाला आहे. चिरेत अजून कुंकवाचा लाल धागा दिसतो. गळ्यातलं पिवळं कार्ड गझालाने काढून टाकलं नाही, त्यावरचं वाक्य एका रेघेने खोडलं आणि खाली लिहिलं, ‘कारण सापडलं. पट्ट्याखाली.’ त्याच्याखाली पुन्हा दोन सह्या आहेत. एक तिची आणि एक तिच्या अब्बांची.

तुम्ही कधी विमानात बसलात, मोठी इंजिनं अजून सुरू व्हायची असली आणि तरी आत गार वारा लागत असला, तर माझी एवढीच विनंती आहे. वरची चकती जरा हळू फिरवा. मागे, शेपटीत, माझ्यापैकी कुणीतरी राबत असतं.

दरवर्षी वर्गात नवी मुलं येतात. ती यायच्या आदल्या दिवशी गझाला मला तो पट्टा पुन्हा आवळते. मग मुलांच्या हातात टॉर्च आणि आरसा देते आणि सांगते, तपासा. मुलं मन लावून दोन्ही जोड बघतात आणि वहीत लिहितात, ‘दोष नाही.’  तेव्हा ती कपाटातून एक फ्रेम काढून त्यांच्यासमोर ठेवते. ते तिचं पहिलं पत्र असतं, ज्यात ‘पुरेशी’ लिहिलंय ते. मुलं ते वाचतात, एकमेकांकडे बघतात, आणि कुणीतरी एक जण पान्याकडे हात नेतो.

मग पट्टा निघतो, आणि दर वेळी मला नव्याने बरं वाटतं.